दोन फूट पाणी

१

खारटेंभीच्या तलाठी कार्यालयात सोमवारी सकाळी दप्तर सोडलं, तेव्हा बत्तीसनंतर चौतीस निघाला.

मंडळ अधिकारी सुकन्या भोईर यांनी कागद पुन्हा चाळले. एकतीस, बत्तीस, चौतीस. पुराचे पंचनामे होते ते. कोणाच्या घरात किती पाणी शिरलं, काय पडलं, काय वाहून गेलं, खाली पंचांच्या सह्या आणि घरवाल्याचा अंगठा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात कोतवाल हिरामणने पेन्सिलने आकडा घातलेला. हिरामण आकडा चुकवणारा माणूस नव्हता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने हॉटेलातून आलेले चहाचे कपसुद्धा मोजून परत दिले होते.

"तेहेतीस कुठाय, हिरामणदादा?"

हिरामणच्या हातातला दप्तराचा लाल रुमाल तसाच राहिला. "खाडीपाड्याचा हाय तो, मॅडम. नऊ घरांचा मिळून यकच कागद. शनवारी दुपारी मीच बांधला. मोजून एकेचाळीस."

आता चाळीस होते.

सुकन्याबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पायरीवर एक बाई सकाळपासून बसली होती, वाळल्या चिखलाने भरलेलं लुगडं, मांडीवर दोन्ही हात. ती पाड्यावरची बुधी. तिचा बाप नवशा शनिवारी सकाळी स्वतःच्याच झोपडीत, पडलेल्या कुडाच्या भिंतीखाली मेलेला सापडला होता. सरकारी दवाखान्याने पाण्यात गुदमरून मेला एवढंच लिहिलं. बाकीचा अहवाल यायला महिने लागतात, आणि गावाला तेवढा दम नव्हता. नवशा दारू पिऊन पडला, हे शनिवारी संध्याकाळपर्यंत देवळापासून नाक्यापर्यंत ठरूनही गेलं होतं.

बुधी आत आली आणि उभीच राहिली.

"बाई, माजा बा प्येत नव्हता. कदीच न्हाय. पोलीस पाटील बोलतान, दोन फूट पान्यान कोन मरतं, प्यायला आसंल. कागदावं दोन फूट लिवलंय बोलतान. तो कागद मना वाचून दावा. त्याच्याव खरं लिवा. मना दुसरा काय नको."

सुकन्याबाईंना खोटं बोलवेना. "कागद हरवलाय, बुधी," त्या म्हणाल्या.

बुधी पुन्हा पायरीवर जाऊन बसली. गावची यादी उद्या अकराला तहसीलला जायची होती, आणि पोलिसांचं नवशाचं प्रकरणही त्याच कागदाच्या आधाराने मिटणार होतं. सुकन्याबाईंनी दप्तर बांधायला सांगितलं आणि पायातल्या चपला काढून गाडीतले गमबूट चढवले.

२

राहनाळ गावाच्या पुढे गोदामांची रांग संपते, तिथे एक लांबच लांब पांढरी भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे खारटेंभी गाव, पलीकडे खाडीकडे उतरत गेलेला खाडीपाडा. गावातल्या निम्म्या लोकांना पाड्याची वाट माहीत नाही आणि उरलेल्या निम्म्यांना ती माहीत असण्याचं कारण पडत नाही.

सुकन्याबाईंनी मनाशी ठरवलं होतं की भिंतींवर पाण्याची खूण असेल, ती मोजायची आणि नवा पंचनामा करायचा. कागद गेला तर गेला. पण भिंतीचं वळण घेतलं आणि त्या थबकल्या.

घरं नव्हतीच.

नऊ जोती तेवढी उरली होती, लिंपलेल्या मातीची, जेसीबीच्या साखळ्यांनी कडा मोडलेली. कूड, वासे, कौलं, प्लास्टिकचे कागद, सगळ्याचा एक ढीग खाडीच्या कडेला लोटलेला.

सगळ्यांत वरच्या जोत्यावर एक म्हातारी बसली होती. ती ठमाबाई, नवशाची थोरली बहीण. तिच्या आसपास चार शेरडं उभी होती.

"काल मशीन आलं," ती म्हणाली. "पाटील बोलला, रोगराई व्हईल. पुरापासनं आमी शाळेन हुतो. येईस्तवर झालं पन."

सुकन्याबाई तिच्याशेजारी टेकल्या. "पाणी आलं त्या दिवशी काय झालं, सांग आजी."

"बुदवारी. दुपारची भरती आन वरनं पाऊस. माजं घर उच्चाव, माज्या गुडघ्याला पानी. बुधी आन तिचा घरवाला चिंतू पोरं घेऊन माज्याकडं आली. नवशाचं घर पार खाली, बांधाला लागून. तोबी आलेला वर. मंग बोलला, शेरडं बांधलेली हायेत. आन परत गेला." ठमाबाईने एका शेरडाच्या गळ्यातलं दावं हातात घेऊन दाखवलं. "शेरडं आली. तो न्हाय आला. हे बग बाई, दावी सोडलेली हायेत, कापलेली न्हाय. पान्याखाली हात घालून चार गाठी सोडल्या त्यानं. प्यालेल्या मान्साला सुटतान काय?"

सुकन्याबाईंनी दाव्याचं टोक पाहिलं. सुंभ अख्खा होता.

"मग शनिवारपर्यंत शोधलं नाही कुणी?"

"शोधलं तं. पन पलीकडं, खाडीच्या. दोन दीस घरांकडं जायासारका नव्हता, चिंतू गेला तं माज्या घरापासनंच माघारी आला. सुक्रवारी तलाठीभाऊ शाळेन आला. आमी खिचडी खात हुतो. बोलला, आजी, तुमी जेवा, अंगठं द्या, मी बगतो समदं. चांगला पोऱ्या हाय, आमच्यातलाच, जव्हारकडचा. सांजला बुधीनं इचारलं त्याला, भाऊ, माजा बा दिसला काय घराकडं?"

"काय म्हणाला?"

"बोलला, सगल्या घरांन जाऊन आलो, तिकडं कोन न्हाय. म्हून तं आमी पलीकडं शोधीत रायलो." ठमाबाईने शेरडाच्या पाठीवरून हात फिरवला. "आन तो घरातच हुता."

३

पोलीस पाटील मनोज तरे मोटरसायकलवरून कार्यालयात आले ते तावातावातच.

"मॅडम, गावात बोलतान की कागद मी पळवला. आयला, मी कशाला पळवीन? माज्या खबरीत मी त्याच कागदाच्या जोरावर दोन फूट लिवलंय. उद्या साहेब इचारतील, आधार काय, तं मी काय दाखवू?"

"तुम्ही पंच होतात ना त्याला? पाड्यात गेला होतात?"

तरे जरा घुटमळले. "सही देवळाकडंच केली. सगलेच करतान. मोजाय तलाठी गेला व्हता ना."

"आणि जेसीबी?"

"गोदामवाल्यांनी दिलं. गावाच्या भल्यासाठी."

"पाड्यातल्यांना विचारलंत?"

यावर तऱ्यांना एकदम कामाची आठवण झाली आणि त्यांनी पाय काढता घेतला. सुकन्याबाईंना त्या माणसाचा मनस्वी राग आला. पण राग वेगळा आणि कागद वेगळा. तो कागद या माणसाला जिवापाड हवा होता, हे त्यांना दिसत होतं. जेसीबीचा जाब त्याला लेखी द्यावा लागणार होता, आणि तो घेतल्याशिवाय त्या सोडणार नव्हत्या. चोर मात्र तो नव्हता.

तलाठी शैलेश वरठा दुपारी आला. सव्वीस वर्षांचा, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्याच्या पाड्यातून सरकारी नोकरीत गेलेला तो पहिलाच. त्याच्या निवडीचा कागद आला तेव्हा आईने तो देव्हाऱ्यात ठेवला होता, ही गोष्ट त्याने एकदाच आणि लाजत सुकन्याबाईंना सांगितली होती. त्यांना तो मुलगा आवडायचा.

"मी हिरामणदादांकडे दिला होता, मॅडम. बांधताना पडला असेल. म्हणजे, दप्तरात गेलाच नसेल कदाचित."

हिरामण दाराशी उभा होता. त्याने मान वळवून दुसरीकडे पाहिलं.

"फोटो?"

"टॉवर बंद होता, मॅडम. तीन दिवस लाइट नव्हती. फोन चार्ज नव्हता."

ते खरं होतं. सगळ्या तालुक्यातच तसं होतं, म्हणून तर हे पंचनामे कागदावर करावे लागले होते.

"तू स्वतः गेलास घराघरात?"

"हो मॅडम. शुक्रवारी संध्याकाळी."

"नवशाच्या घरात?"

"कूड पडला होता, मॅडम. खाली असेल तो. मला दिसला नाही."

"पाणी किती होतं?"

"दोन फूट. सगळ्या नऊ घरांत दोन-दोन फूट. टेपने मोजलं मी."

सुकन्याबाईंनी वहीत लिहून घेतलं. लिहिताना त्यांच्या पेनाचं टोक एका शब्दावर थांबलं आणि त्यांनी त्याखाली रेघ ओढली. तो शब्द होता, 'सगळ्या'.

४

शैलेश गेल्यावर त्यांनी हिरामणला बसायला सांगितलं. तो बसेना.

"चोर म्हंटला पोऱ्या मला," तो म्हणाला. "डबा वाटून खाल्लाय आमी."

"चोर नाही म्हणाला. वेंधळा म्हणाला."

"ते तं जास्त वाईट, मॅडम."

सुकन्याबाईंनी दप्तर पुन्हा सोडलं. पावसाळ्यातले कागद सगळे दमट असतात आणि एकमेकांना चिकटतात. त्यांनी बत्तीस नंबरचा कागद उचलला, पाटील आळीचा, आणि उजेडाकडे धरून उलटा केला.

कागदाच्या पाठीवर निळ्या, पुसट, गोल खुणा होत्या. तीन ओळी, प्रत्येकीत तीन.

"मोजा, हिरामणदादा."

"नऊ." हिरामणने डोळे बारीक केले. "अंगठं हायेत. उलटं उमटल्यात."

"तेहेतीस नंबर ह्याच्या खाली होता. दमट कागद, ओली शाई, वरून तुमच्या रुमालाची घट्ट गाठ. म्हणजे कागद दप्तरात गेला होता. तुम्ही तो बरोबर बांधला होता."

"शनवारी पाटील आलेले दाखल्याला, तवा मी इथंच हुतो," हिरामण मग म्हणाला. "आन रविवारी..."

"रविवारी कोण आलं होतं?"

"किल्ली न्हेली हुती. सकाळच्याला. लॅपटॉप चार्ज करतो बोलला."

नाव त्याने घेतलं नाही. सुकन्याबाईंनीही विचारलं नाही. त्या पाटील आळीचे कागद एकेक करून टेबलावर पसरत होत्या. प्रत्येकावर चिखलाची बोटं होती. अंगठ्यांच्या कडांना गाळ, कागदाच्या मुडपाला गाळ. लोकांनी दारात, गुडघाभर चिखलात उभं राहून अंगठे दिले होते. फक्त पाड्याच्या त्या नऊ खुणा स्वच्छ होत्या. जेवायला बसण्याआधी हात धुतात, तशा.

हे सगळं कळलं तरी बुधीला देण्यासारखं हातात काही आलं नव्हतं. चोर सापडला असता, कागद सापडला असता, तरी त्यावर दोन फूटच असणार होतं. आणि खरं किती होतं हे सांगायला एकही भिंत जागेवर उरली नव्हती. मग सुकन्याबाईंना पाड्याकडचं भिंतीचं ते वळण आठवलं आणि त्या ताडकन उठल्या.

"हिरामणदादा, बुधीचा नवरा काय काम करतो?"

"चिंतू? गवंड्याच्या हाताखाली हाय. पूर्णा गावाला नवीन गोदामाव."

"त्याला निरोप द्या. पाण्याची नळी घेऊन ये म्हणावं. आणि तलाठ्यांना सांगा, टेप घेऊन पाड्यात या. पाटलांनाही बोलवा. पंच लागतील."

५

चार वाजता सगळे पाड्यात जमले. ऊन पडलं होतं. गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुराने आपली तपकिरी रेघ मारून ठेवली होती, सुतळी धरून मारावी तशी सरळ. पाड्यातल्या भिंती जेसीबीने पाडल्या, पण गोदामाची भिंत कोण पाडणार?

"चिंतू," सुकन्याबाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या गोदामाचं जोतं एका पातळीत कसं आणता तुम्ही?"

चिंतूला प्रश्नाचं नवल वाटलं. "पान्याच्या नळीनं, बाई. ही बगा." पारदर्शक नळीचं वेटोळं त्याने खांद्यावरून उतरवलं. "आत पानी भरायचं. येक टोक हितं धरलं, दुसरं कितीबी लांब न्या. दोनी टोकांला पानी यकाच उंचीव ऱ्हातं. त्याला वर-खाली व्हता येत न्हाय."

"मग एक टोक त्या रेघेवर धर. दुसरं तलाठी धरतील, प्रत्येक जोत्यावर. नळीतलं पाणी जिथे थांबेल तिथपर्यंत पूर. खाली जमिनीपर्यंत मोजायचं."

शैलेशने बूट काढले. पँट वर केली. त्याचा चेहरा तेव्हाच उतरला होता.

पहिलं जोतं ठमाबाईचं. हिरामणने टेप लावली. "सव्वा फूट."

"गुडघा," ठमाबाई म्हणाली. "मी बोललेली."

दुसरं जोतं पावणेदोन. तिसरं अडीच. नळी पोचेना तिथे चिंतू बांबू रोवून त्यावर खूण करी आणि पुन्हा पुढे सरके. दर घरापाशी तिथली माणसं आधी सांगत, पाणी मांडीला होतं, कमरेला होतं, फळीवरच्या डब्याला लागलं होतं, आणि मग टेप तेच सांगे. चौथं, पाचवं, सहावं. उतार वाढत होता तसा आकडा वाढत होता. कुठल्याही दोन घरांतलं पाणी सारखं नव्हतं. मनोज तरे सुरुवातीला हाताची घडी घालून उभे होते. सहाव्या जोत्यापाशी त्यांनी घडी सोडली आणि त्यानंतर कुणाच्याही डोळ्याला डोळा दिला नाही.

नववं जोतं नवशाचं. शैलेशने नळीचं टोक वर नेलं, आणखी वर नेलं. पाणी नळीत हललं, डुचमळलं आणि थांबलं. त्याचा हात त्याच्या स्वतःच्या डोळ्यांजवळ होता.

"सव्वापाच फूट," हिरामण हलकेच म्हणाला.

बुधी तोवर लांब उभी होती. ती पुढे आली. कुणी सांगितलं नव्हतं, पण ती जोत्यावर चढली आणि टेपला पाठ लावून सरळ उभी राहिली. "माजा बा माज्यावडाच हुता," ती म्हणाली.

नळीतलं पाणी तिच्या कपाळाच्या वर, केसांना लागून होतं.

शैलेशच्या हातातून नळी सुटली आणि आतलं पाणी जोत्यावर सांडलं.

"तू आला नव्हतास इथे," सुकन्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "ठमाबाईच्या घरात सव्वा फूट आणि इथे सव्वापाच. टेप धरणाऱ्याला सगळ्या घरांत दोन फूट मिळूच शकत नाही. ते आकडे शाळेत बसून लिहिलेले आहेत. म्हणून अंगठेही स्वच्छ उमटले."

शैलेशने पिशवीत हात घातला. चार घड्या घातलेला कागद निघाला. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेला तेहेतीस.

"फाडायला गेलो होतो," तो म्हणाला. "नऊ अंगठे होते त्यावर. फाडवेना."

"का केलंस?"

"दोन दिवसांत एकेचाळीस कागद होते, मॅडम. पाटील आळीतले लोक सोडेनात, ह्याची भिंत बघा, त्याचा फ्रिज बघा. पाडा शेवटी राहिला. अंधार पडत होता, खाली अजून पाणी होतं." त्याने बुधीकडे पाहायचा प्रयत्न केला आणि ते त्याला जमलं नाही. "वाटलं, आपलीच माणसं आहेत. सांभाळून घेतील. शनिवारी नवशाकाका सापडले आणि पाटील त्याच दोन फुटांवर बोलायला लागले. मग रविवारी कागद काढला. म्हटलं आज जाऊन खरं मोजू, नवीन लिहू. इथे आलो तर मशीन चाललं होतं."

"मी तुला इचारलेला," बुधी म्हणाली. "सुक्रवारी. बा दिसला काय."

"हो, ताई."

"तू जाऊन आलो बोलला."

"हो."

"तो हितंच हुता रे. दोन दीस. आमी पलीकडं हाका मारीत हुतो."

शैलेश चिखलात खाली बसला आणि तोंड झाकून रडला. ठमाबाई त्याच्याकडे पाहत होती. तिने त्याला हात लावला नाही, पण शिवीही दिली नाही.

हा मुलगा आता निलंबित होणार, तो देव्हाऱ्यातला कागद त्याच्या आईला दिसत राहणार, आणि अहवाल सुकन्याबाईंनाच लिहायचा होता. तो त्या लिहिणार होत्या. त्यांनी कोरा कागद पाटीवर लावला आणि नवव्या जोत्याच्या कडेवर बसून नवा पंचनामा लिहायला घेतला. नऊ घरं, नऊ आकडे. पंच म्हणून पहिली सही मनोज तऱ्यांची, चिखलात उभं राहून. सही करताना त्यांनी खाकरून विचारलं, "मग माज्या खबरीचं काय?"

"उद्या अकराच्या आत दुसरी द्याल. त्यात दारूचा शब्द नसेल. आणि पाडायला कुणी सांगितलं, तेही त्यातच लिहा."

मग त्यांनी कागद शैलेशकडे दिला. "वाच. नववं घर."

तो उठून उभा राहिला. "नवशा... घर क्रमांक नऊ. पुराचं पाणी जमिनीपासून पाच फूट तीन इंच. घरातील इसम शेरडांची दावी सोडवताना पाण्यात बुडून मयत."

"परत वाच," बुधी म्हणाली.

त्याने परत वाचलं. या वेळी मोठ्याने, भिंतीपलीकडे गावापर्यंत जाईल असं.

बुधीने शाईचा पॅड ओढून घेतला. अंगठा चिखलाने भरलेला होता. तो पदराला पुसायला तिने हात खाली नेला.

"असू दे," सुकन्याबाई म्हणाल्या. "पुसू नको. तसाच दे."

तिने तसाच दिला. कागदावर निळा अंगठा उमटला आणि त्याच्याभोवती खाडीचा गाळ. हिरामणने कानावरची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि वरच्या कोपऱ्यात आकडा घातला, तेहेतीस.